शून्य ओळी बदलल्या

१ ऑगस्ट, शुक्रवार

निशिगंधा काल कळंबला गेली, माहेरी. सातवा संपत आला, पहिलं बाळंतपण, म्हणजे विचारायचा प्रश्नच नव्हता. सासरे गाडी घेऊन आले, आईनं ओटी भरली, झालं. जाताना निशीनं ही वही हातात दिली. म्हणाली, "मी नाही तं तुम्ही चिडसान कोणावर? वहीवर चिडा."

तर ही वही. मी बोलतो वऱ्हाडी, पण लिहायला बसलो की शाळेतले मास्तर मानगुटीवर बसतात, त्याला इलाज नाही.

आज चिडायला काही नाही. उलट छातीवर हात ठेवून सांगतो, दारव्ह्यात बसून मी जे केलं ते पुण्यातल्या माझ्या जुन्या कंपनीलाही जमलं नसतं. आमच्या आरोग्य संस्थेच्या सत्तर गावांत, तांड्यांत सत्तर ताया आहेत. गरोदर बाईचं वजन, रक्त म्हणजे हिमोग्लोबिन, बीपी त्या मोबाइलवरून भरतात, ते माझ्या डेटाबेसात येतं. रक्त सातच्या खाली गेलं की बाई लाल यादीत. दर सोमवारी सकाळी सहाला ती यादी आपोआप ड्रायव्हर उत्तमसिंगच्या फोनवर जाते आणि तो बायांना उचलून दवाखान्यात नेतो. मधे कोणाचा हात नाही, वशिला नाही. मागच्या वर्षी एका पुढाऱ्यानं हीच जीप लग्नाला फिरवली होती, म्हणून नियम केला: यादीत नाव असेल तरच गाडी. नियम मीच लिहून दिला.

भरून झालं की वर हिरवी पट्टी येते, 'जतन झाले'. तीही माझीच कल्पना. पहिले लाल इंग्रजी संदेश यायचे, ताया घाबरून दिवसभर फोन करायच्या. आता डेटाबेसनं तक्रार केली नाही की हिरवी पट्टी. एप्रिलमध्ये एका ताईनं चुकून दुसऱ्याच गावच्या बाईचं वजन बदललं, तेव्हा अपडेटच्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला जाणाऱ्या हुकमाला, अट लावली: बाईचा नंबर जुळला पाहिजे आणि ताईचं गावही. तेव्हापासून एक भानगड नाही.

पहिलं नाव निशीचंच नोंदवलं होतं मी, दारव्ह्यात. आपल्या घरापासून सुरुवात.

४ ऑगस्ट, सोमवार

लिहिलं नाही तोच चिडायला मिळालं. पळसतांड्याच्या हंसाबाईचा फोन. हंसाबाई पन्नाशीच्या, तायांमध्ये सगळ्यात जुन्या, मोबाइल शिकायला सगळ्यात चिवट.

"भाऊ, जमनीचं रक्त सहा पॉइंट एक आलं. शनवारीच भरलं ना मी. आज गाडीत तिचं नाव काहून नाही?"

जमनी म्हणजे त्यांच्या दिराची पोरगी. वीस वर्षांची, पहिलटकरीण, पांढरकवड्याकडं बोरतांड्यात दिलेली, सध्या मायबापाकडं आलेली. मी कार्ड उघडलं. रक्त १०.२, तेही मे महिन्यातलं. शनिवारचं काही नाही.

तरी न्याय म्हणून तपासलं. माझ्या लॉगिननं त्याच कार्डात ६.१ टाकलं, जतन केलं, उघडून पाहिलं. व्यवस्थित बदललं. मग परत १०.२ करून ठेवलं. चाचणीसाठी खऱ्या बाईचं कार्ड बदलून ठेवायचं नाही आणि भरायचं काम ताईचं, हा माझा नियम आहे. हंसाबाईंना सांगितलं, पुन्हा भरा, नीट भरा.

नाचता येईना अंगण वाकडं.

६ ऑगस्ट, बुधवार

हंसाबाईंनी पुन्हा भरलं म्हणे. कार्ड तसंच.

आज पद्धतशीर बसलो. सर्व्हरवर नजर ठेवून त्यांना फोनवर म्हटलं, आता भरा. विनंती आली. क्वेरी गेली. डेटाबेसनं एक शब्द तक्रार केली नाही. मग त्यांचंच लॉगिन घेऊन तांड्यातल्या दुसऱ्या एका बाईचं वजन अर्धा किलोनं वाढवून पाहिलं, धनीबाई म्हणून आहे, त्यांच्या शेजारची. लगेच बदललं. पुन्हा होतं तसं केलं.

म्हणजे क्वेरी बरोबर, सर्व्हर बरोबर, लॉगिन बरोबर. उरलं काय? माणूस. दुसऱ्याच बाईचं कार्ड उघडत असतील, नाही तर बटण दाबायच्या आधीच मागे जात असतील. समीक्षा मॅडमना, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांना, हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, वय झालं आता त्यांचं.

११ ऑगस्ट, सोमवार

यादीत अकरा बाया. जमनी नाही.

हंसाबाईंनी थेट मॅडमना फोन केला. मॅडमनी माझाच नियम वाचून दाखवला. मग मला फोन. "भाऊ, पोरगी पांढरीफटक पडून राह्यली. दोन पावलं चालली का बसते. मशीनचं जाऊ द्या, तुम्ही सांगा ना उत्तमसिंगले." मी म्हटलं, "एका बाईसाठी नियम मोडला तर उद्या लग्नाला पण गाडी मागतील. तुम्ही भरा ना नीट." आवाज चढला माझा, खोटं कशाला लिहू.

निशीचा फोन आला होता. बरी आहे. तिथल्या बेबीताईंनी तिचं रक्त तपासलं, थोडं कमी आहे म्हणे. खजूर खा म्हटलं. "आणि त्या म्हणत होत्या माझं कार्ड जुनंच दिसते, किती भरलं तरी." म्हटलं नेटवर्क नसेल, रिफ्रेश करायला सांग. सगळ्या जगाला माझंच ॲप चुकीचं वाटतंय या आठवड्यात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल चौथ्यांदा भरलं म्हणतात. मी वैतागून म्हटलं, "फोटो पाठवा." त्यांनी काल भरतानाच नातवानं काढून ठेवलेला स्क्रीनचा फोटो पाठवला. जमनीचं नाव, सध्याचा मुक्काम पळसतांडा, रक्त ६.१, वर हिरवी पट्टी.

आता पट्टीचं काय, पट्टी तर तक्रार आली नाही की येतेच. बदललं की नाही ते पट्टीला माहीत नसतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही. हे त्यांना कसं समजावू? लिहिलं फक्त, 'कार्डात दिसत नाही.'



१९ ऑगस्ट, मंगळवार

जमनी गेली. रविवारी दुपारी.

उत्तमसिंग सुट्टीवर गावाला आहे, त्याच्याकडून नाही, मॅडमकडून कळलं. दिवस भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं. तांड्यावरच पोरगी झाली, पण रक्त थांबेना. काळीपिवळी जीपमध्ये टाकून दारव्ह्याला आणत होते. नाल्याच्या अलीकडंच संपली. पोरगी जगली.

अंगात रक्तच नव्हतं, डॉक्टर म्हणाले. जे होतं ते गेलं.

जेवलो नाही. आईनं विचारलं तर ॲसिडिटी सांगितली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमनी अहवाल मागितला. प्रश्न एकच: हंसाबाईंनी नोंद भरली होती का?

मी तीन ओळी लिहिल्या. 'प्रणाली तपासली. प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. सदर ताईंनी भरलेली नोंद डेटाबेसमध्ये नाही.' तिन्ही ओळी खऱ्या आहेत. दोनदा वाचल्या.

दुपारी हंसाबाईंना कामावरून काढल्याचं पत्र निघालं. त्यांचं लॉगिन मीच बंद केलं. जमनीच्या बाळंतपणाची नोंद ना इकडच्या ताईनं केली ना सासरकडच्या. कार्ड अजून आठव्या महिन्यातच आहे. ते कोणाचं काम आता, माहीत नाही.

उद्या पोळा. बाबा सकाळपासून बैलांची शिंगं रंगवत बसलेत. मला म्हणाले, "हात लाव थोडा." नाही लावला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

हंसाबाई ऑफिसात आल्या. वाटलं भांडतील. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती.

त्या बसल्या नाहीत. पिशवीतून शाळेची असते तशी शंभरपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. त्या मोबाइलवर जे भरतात ते सगळं आधी वहीत लिहितात, हे मला माहीतच नव्हतं. 'जमनी, ६.१, २ तारीख, हिरवं आलं.' '५ तारीख, हिरवं आलं.' '६ तारीख, भाऊ फोनवर होते, हिरवं आलं.' '१३ तारीख, हिरवं आलं.' अक्षर तिसरीतल्या पोरासारखं, पण खाडाखोड नाही.

"तुमच्या घरी चहा घेतला मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "निशिगंधाबाईनं करून देल्ला. मी तुम्हाले कायले खोटं सांगू?"

मी म्हटलं, हंसाबाई, कॉम्प्युटरमध्ये नाही ते नाही.

"माह्या जाऊनं बोलणं सोडलं. टाकीवर पाण्याले गेली का बाया बाजूले सरकते. म्हणते, हिनं बटन नाई दाबलं म्हणून पोरगी गेली. सख्खी काकू असून." मग वही उचलून पिशवीत ठेवली. "भरलतं मी," एवढंच म्हणून गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या तारखा सर्व्हरच्या नोंदीशी जुळवायचं ठरवलं. नाही जुळवल्या. अहवाल गेला होता.

२ सप्टेंबर, मंगळवार



कळंबला गेलो होतो. निशीचे पाय सुजलेत, चेहरा उतरलाय. बेबीताई आल्या, बोटातून रक्त घेतलं, ८.१. माझ्यासमोर मोबाइल काढला, निशीचं कार्ड उघडलं, ८.१ टाकलं, बटण दाबलं. हिरवी पट्टी. "आता पाहा," म्हणाल्या आणि कार्ड पुन्हा उघडलं. ११. एप्रिलमधलं, दारव्ह्याचं.

मी हसलोच आधी. म्हटलं, द्या इकडं. स्वतः भरलं, एकेक अक्षर पाहून. हिरवी पट्टी. ११.

बेबीताई म्हणाल्या, "मले वाटलं, दारव्ह्याची बाई हाय म्हणून माह्याकडून होत नसन."

दारव्ह्याची बाई. बेबीताईंचं गाव कळंब. कार्डाचं गाव दारव्हा. नंबर जुळला पाहिजे आणि गावही. मी तिथंच पलंगाच्या काठावर बसलो. निशी विचारत होती काय झालं, पाणी देऊ का.

बायको माहेरी आणि कार्ड सासरी. माझीच बायको, माझ्याच डोळ्यांसमोर ओटी भरून गेलेली. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. प्रत्येक अपडेटनंतर डेटाबेस सांगतो किती ओळी बदलल्या; एक कार्ड म्हणजे एक ओळ. अटीत बसणारी ओळच सापडली नाही तर तो तक्रार करत नाही. बदल म्हटलं, बदलण्यासारखं काही दिसलं नाही, शून्य, काम झालं. आणि मी तक्रार नाही म्हणून हिरवी पट्टी दाखवतो. तो आकडा सुरुवातीपासून तिथं लिहिलेला होता. मी पाहिला नाही.

२ ऑगस्ट, हंसाबाई, जमनी, ६.१. शून्य ओळी बदलल्या. ५ ऑगस्ट, शून्य. ६ ऑगस्ट, शून्य. १३ ऑगस्ट, शून्य. वहीतल्या तारखा, एक इकडची तिकडं नाही.

एप्रिलपासून अशा एक्केचाळीस नोंदी. सगळ्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरींच्या. दुसऱ्या कोणाच्याच नाहीत. फॉर्ममध्ये 'सध्याचा मुक्काम' हा रकाना मीच ठेवलाय, म्हणजे मुक्काम बदलतो हे मला माहीत होतं. अट लावताना आठवलं नाही. माझ्या लॉगिनला गावाची अट नाही, म्हणून माझ्याकडून बदलत होतं. धनीबाई तांड्यातच दिलेली, म्हणून तिचं बदललं. मी जिथं जिथं तपासलं तिथं तिथं चूक नव्हती.

आणि एक गोष्ट. ४ ऑगस्टला मी स्वतः जमनीच्या कार्डात ६.१ टाकलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर ११ च्या यादीत ती पहिली असती. मी परत १०.२ केलं. हे वर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, नियमाचं कौतुक करून.

उद्या मॅडमना सांगतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं. काल मॅडम नागपूरला होत्या. आज होत्या, मीच केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

निशीचा नववा लागतोय. नोकरी गेली तर बाबांच्या शेतावर पुन्हा तुरीत फवारणी. पोलीस केस झाली तर ते वेगळंच. आणि सांगून जमनी परत येणार आहे का? असा विचार केला मी. लिहून ठेवतो, कारण निशीनं वही याचसाठी दिली असावी.

रविवारी ऑफिस रिकामं असतं. अट काढतो, पट्टी दुरुस्त करतो आणि अडकलेल्या एक्केचाळीस नोंदी सर्व्हरवरून पुन्हा पाठवतो. सगळ्या बायांची कार्डं बरोबर होतील. हंसाबाईंचं नंतर पाहू. दोनेक महिन्यांनी मॅडमना म्हणतो, अनुभवी बाई आहे, परत घ्या.

७ सप्टेंबर, रविवार

झालं. क्वेरीतून गावाची अट काढली. आता एक ओळ बदलली तरच हिरवी पट्टी, शून्य आली तर लाल, स्वच्छ मराठीत. मग यादी न उघडताच सगळ्या नोंदी एकदम पाठवल्या. एकेक नाव वाचायची हिंमत नव्हती. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

निशीचं कार्ड उघडलं. ८.१, मुक्काम कळंब.

कोणाला काही कळलं नाही. आज जेवलो.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी साडेआठला उत्तमसिंगचा फोन.

"सर, मी सुट्टीवरून आजच आलो, पळसतांड्यावर हाय. लिस्टमधी पयलं नाव जमनी. दारापुढं हॉर्न वाजवला तं तिची याडी, माय तिची, बाहेर आली, लेकरू घेऊन. सिध्धी गाडीत येऊन बसली. आता लोकं सांगून राह्यले का पोरगी तं सरली. म्या म्हटलं बाई, उतरा. तं म्हणते, नाव आहे ना तुह्या कागदावर, चाल. काय करू सर?"

कार्ड आठव्या महिन्यात होतं. रक्त ६.१. मुक्काम पळसतांडा. सहा वाजता यादी आपोआप गेली. मधे कोणाचा हात नाही.

मी येतो म्हटलं. मोटरसायकलवर अर्धा तास लागला. निघायच्या आधी मॅडमना पाठवायचं पत्र फोनवरच लिहिलं, चार ओळी. दोष माझ्या क्वेरीत होता, हंसाबाईंनी चार वेळा भरलं होतं, अहवाल चुकीचा आहे, तो मी लिहिला. नाल्यापाशी थांबून पाठवलं. तिथून पुढं गेलो असतो तर पुन्हा नसतं जमलं.

जीपभोवती अर्धा तांडा. मागच्या सीटवर जमनीची आई, पंचफुलाबाई, मांडीवर गोधडीत तीन आठवड्यांची पोरगी. समोर पाहत होत्या, रस्त्याकडं. मी दाराशी उभा राहून सगळं सांगितलं. किती समजलं माहीत नाही. माझी चूक होती, हे चार-पाचदा म्हटलं. कोणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग हंसानं भरलतं?"

"भरलतं. चारदा."

हंसाबाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. बायांनी वाट दिली. त्या आल्या, माझ्याकडं न पाहता आधी पोरगी उचलून घेतली, मग पंचफुलाबाईंचा हात धरला.  पंचफुलाबाई उतरल्या आणि जावेच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या मोठ्यानं रडल्या की उत्तमसिंग गाडी बंद करून लांब जाऊन बसला.

मी निघायला लागलो तशी हंसाबाईंनी हाक मारली. "भाऊ, आता तिचं काय ते भरून टाका. नाई तं पुढच्या सोमवारी पुन्हा गाडी येईन."

मी तिथंच त्यांचं लॉगिन उघडून दिलं. मोबाइल त्यांच्या हातात दिला, कारण भरायचं काम ताईचं. त्यांनी वहीतून पाहून भरलं. प्रसूती १७ ऑगस्ट. मुलगी, जिवंत. आई, मृत. बटण दाबलं. हिरवी पट्टी आली.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "पट्टी तं तवाही हिरवीच होती," म्हणाल्या. "तुम्ही पाहून सांगा."

मी सर्व्हर उघडला. तांड्यावर नेटवर्क कमी, वेळ लागला. त्या पोरीला घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. एक ओळ बदलली होती. तसं सांगितलं त्यांना. त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.